सूर्यनमस्काराचा शोध

गेल्या माघांत रथसप्तमीच्या आदल्या दिवशीं माझ्या भाचीचें इंग्लंडाहून पत्र आलें. नोकरीनिमित्त ती ज्या गांवीं राहते तेथील एका व्यायामवर्गांत सूर्यनमस्कार शिकवितात. शिकविणाऱ्या बाईंनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें कीं, हा व्यायाम पांच हजार वर्षांचा जुना असून तो वेदांत सांगितलेला आहे. भाचीनें विचारिलें होतें, "मामा, तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक. हें वेदांत नेमकें कोठें आहे तें कळवा. बाईंना दाखवायचें आहे." मीं त्याच रात्रीं उत्तर धाडलें कीं, ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासावें सूक्त पाहावें. उत्तर धाडून निजलों, पण झोप कांहीं लागेना. वर्गांतील एखाद्या विद्यार्थ्यानें जी गोष्ट केली असतां मीं त्याला उभें करून ठेविलें असतें, तीच मीं स्वतः केली होती. त्या सूक्तांत सूर्याची स्तुति आहे. हृदयाचा रोग आणि कावीळ दूर व्हावी अशी प्रार्थनाहि आहे. परंतु हात जमिनीला टेकून पाय मागें नेण्याविषयीं त्यांत एक शब्दहि नाहीं, हें पत्र लिहितांना मला पक्कें ठाऊक होतें.

मला स्वस्थ बसूं न देणारें दुसरेंहि एक कारण होतें, आणि तें निव्वळ विद्वत्तेचें नव्हतें. मी पन्नाशी ओलांडलेला मनुष्य आहें. मागील वर्षीं कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत जिना चढून गेल्यावर व्याख्यानाचें पहिलें वाक्य उच्चारण्यापूर्वीं मला टेबलाला धरून उभें राहावें लागे, आणि मुलें सभ्यपणें वह्यांत डोकें घालून बसत. डॉक्टरांनीं छाती तपासून सांगितलें कीं, रोग कांहीं नाहीं. तीस वर्षें खुर्चीवर बसल्याचें हें व्याज आहे. हातपाय आणि श्वास हीं ज्यांत एकदम कामाला लागतील असा एखादा व्यायाम धरा, असा त्यांचा सल्ला पडला, आणि मीं सूर्यनमस्कार धरिले. जी गोष्ट आपण रोज पहाटे करतों तिची कुळकथा आपण कधीं तपासूं नये, आणि विचारणाऱ्याला मात्र सोईची कुळकथा सांगून मोकळें व्हावें, हें मनाला लागलें. म्हणून सुटींत ग्रंथालयांत बसून जें हातीं आलें तें वाचकांपुढें मांडीत आहें.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सूर्याला नमस्कार करणें ही एक गोष्ट, आणि सूर्यनमस्कार नांवाचा व्यायाम ही दुसरी. पहिलीच्या प्राचीनत्वाविषयीं वाद नाहीं. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क आणि भास्कर हीं सूर्याचीं बारा नांवें. त्यांच्या आरंभीं उच्चारावयाचीं ह्रां, ह्रीं, ह्रूं इत्यादि बीजाक्षरें. आणि वर सांगितलेल्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचा यांच्या आधारानें केला जाणारा तृचाकल्प नांवाचा विधि आपल्या वैदिक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांत नमस्कार मोजून घालावयाचे, अर्घ्य द्यावयाचें, तांबडें फूल वाहावयाचें. आरोग्य मिळावें, दृष्टि शाबूत राहावी, त्वचेचे विकार जावे, या हेतूनें लोक हें व्रत धरीत.

या विधीचें एक अंग आज विसरलें गेलें आहे, आणि माझ्या मतें सर्व इतिहासाची किल्ली त्यांतच आहे. हे नमस्कार ज्याचे त्यानेंच घातले पाहिजेत असें नव्हतें. यजमान आजारी असला, कामांत असला किंवा नुसता सुखवस्तु असला तरी त्याच्या वतीनें भिक्षुक नमस्कार घाली, यजमान दक्षिणा देई, आणि पुण्य यजमानाच्या खातीं जमा होई. धर्मकृत्य म्हणून पाहिलें तर यांत विसंगत असें कांहीं नाहीं; जप, अभिषेक, अनुष्ठानें हींहि अशींच करविलीं जात. परंतु व्यायाम म्हणून पाहूं गेल्यास मोठी मौज होते. भिक्षुकाच्या दंडाला बळ येई, आणि यजमानाचें पोट होतें तेथेंच राही. जोंपर्यंत नमस्कार दुसऱ्याकडून घालवून घेतां येत होता तोंपर्यंत तो व्यायाम झाला नव्हता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां योगशास्त्राकडे वळूं. सूर्यनमस्कार हें योगाचेंच एक अंग, अशी आज सर्वत्र समजूत आहे. परंतु पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानें रचलेली हठप्रदीपिका उघडून पाहावी. तिच्यांत पंधरा आसनें वर्णिलीं आहेत; त्यांपैकीं बहुतेक बसून करावयाचीं आहेत, आणि एकहि उभ्यानें करावयाचें नाहीं. तिच्या नंतरच्या घेरंडसंहितेंत आसनांची संख्या बत्तीस झाली, तरी सूर्यनमस्कार तेथेंहि नाहीं. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, हठप्रदीपिकेवर एकोणिसाव्या शतकांत ब्रह्मानंदानें जी ज्योत्स्ना नांवाची टीका लिहिली तींत सूर्यनमस्काराचा उल्लेख सांपडतो, पण तो निषेधाच्या प्रकरणांत! योगाभ्यास करणाऱ्यानें शरीराला क्लेश देणाऱ्या कोणत्या गोष्टी टाळाव्या हें सांगतांना टीकाकारानें फार सूर्यनमस्कार घालणें आणि जड ओझीं वाहणें हीं दोन्हीं एकाच ओळींत बसविलीं आहेत.

या एका उल्लेखावरून दोन अनुमानें निघतात. नमस्कार मोठ्या संख्येनें घालण्याची चाल त्या काळीं चांगली प्रचलित होती, आणि त्यांत अंगमेहनत आहे हें सर्वांना माहीत होतें, हें पहिलें. योग्यांच्या दृष्टीनें मात्र ती मेहनत हमालीच्या जातीची होती, आपल्या साधनेच्या जातीची नव्हे, हें दुसरें.

तिसरें स्थळ म्हणजे आपल्या तालमी. जोर आणि बैठका हे मराठी मनुष्याचे जुने व्यायाम. जोर काढतांना गडी हातापायांवर अंग तोलतो, कोपर वाकवून छाती जमिनीलगत नेतो, आणि मग हात सरळ करीत छाती वर काढतो. सूर्यनमस्काराच्या मधल्या तीन अवस्था याच जोराशीं ताडून पाहाव्या. तालमींतला मनुष्य हें आपलेंच लेंकरूं म्हणून ओळखील. समर्थ रामदास रोज बाराशें नमस्कार घालीत अशी आपल्याकडे आख्यायिका आहे. आख्यायिका हा पुरावा नव्हे. परंतु मारुतीचें देऊळ आणि तालीम यांचा शेजार महाराष्ट्रांत जुना आहे, आणि देवाला दंडवत घालणारा व जोर काढणारा हे पुष्कळदां एकच असत, एवढें तींतून ध्यानांत घ्यावें.

अशीं हीं तीन घरें होतीं: देवघर, तालीम आणि योग्याची मठी. देवघरांत मंत्र व संख्या होती, तालमींत बळ होतें, मठींत श्वासाचें शास्त्र होतें. तिन्हीं घरें एकाच गल्लींत असून त्यांचें एकमेकांकडे फारसें येणेंजाणें नव्हतें. त्यांची गांठ कोणीं घालून दिली, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरासाठीं आपणांस एका जर्मन पहिलवानाकडे जावें लागतें, हा इतिहासाचा विनोद होय.

१८९७ हें वर्ष महाराष्ट्राला विसरतां येण्यासारखें नाहीं. मुंबईस १८९६ सालीं उद्भवलेला प्लेग पुण्यांत थैमान घालीत होता. २२ जूनच्या रात्रीं चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. आपण परतंत्र कां झालों या प्रश्नाला त्या काळच्या सुशिक्षितांचें एक उत्तर ठरलेलें असे: आपण दुबळे झालों म्हणून. त्याच वर्षीं लंडन शहरीं यूजेन सॅन्डो या पहिलवानानें आपलें शरीरसंवर्धनाचें विद्यालय उघडलें. हा गृहस्थ १८६७ सालीं प्रशियांतील कोनिग्जबर्ग गांवीं जन्मला. रंगभूमीवर जड वजनें उचलून आणि शरीराचे स्नायू एकेक करून दाखवून त्यानें कीर्ति मिळविली, आणि पुढें डंबेल्स, रबराचे ताण व पुस्तकें विकून ती कीर्ति जगभर पोंचविली. १९०४-०५ सालीं तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला. घरच्या घरीं, नियमानें, आंकडे मांडून शरीर घडवितां येतें, हा त्याचा संदेश सुशिक्षितांना फार रुचला.

सॅन्डोच्या या दूरच्या शिष्यांत एक होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि. त्यांचा जन्म १८६८ सालचा. म्हणजे गुरुशिष्यांत अंतर अवघें एका वर्षाचें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें होतें. १८९७ सालीं त्यांनीं सॅन्डोचीं सर्व साधनें व पुस्तकें विकत घेतलीं, आणि पुढें दहा वर्षें त्यांतील सूचनांबरहुकूम नियमानें व्यायाम केला, असें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. १९०८ सालीं मिरजेचे अधिपति श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून त्यांनीं तीं साधनें बाजूला ठेविलीं आणि सूर्यनमस्कार घालण्यास आरंभ केला. दुसऱ्या वर्षीं, १९०९ सालीं, ते औंधच्या गादीवर आले.

येथें क्षणभर थांबणें इष्ट आहे. पंतप्रतिनिधींच्या घराण्याला सूर्यनमस्कार नवे असण्याचें कारण नव्हतें. लहानपणापासून जी वस्तु देवघरांत पाहिली ती चाळिशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांना व्यायाम म्हणून दिसली नाहीं. ती दिसण्यास मधें दहा वर्षें सॅन्डोचे डंबेल्स फिरवावे लागले. मला वाटतें, रोज ठरल्या वेळीं, ठरल्या संख्येनें, छातीचें माप घेत व्यायाम करण्याची जी संवय त्या दहा वर्षांत लागली, तिनेंच त्यांच्या डोळ्यांना ही नवी दृष्टि दिली. हें अनुमान माझें आहे; वाचकांनीं तें तपासून घ्यावें. परंतु शोध याचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो. वस्तु घरांतच असते. पाहणारा बाहेरून फिरून यावा लागतो.

भवानरावांनीं या विधीचें काय केलें हें समजण्यास त्यांचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. औंध हें बहात्तर गांवांचें, तुकड्या-तुकड्यांनीं पसरलेलें संस्थान. त्याच्या या अधिपतीनें लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० सालीं कुंडलच्या माळावर कारखान्यासाठीं जागा दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढावी म्हणून त्यांनीं एक लक्ष रुपयांचें वचन दिलें. ती आवृत्ति पुढें १९६६ सालीं पुरी झाली. देशाच्या नाना भागांतील पोथ्या एकत्र करून, पाठ ताडून पाहून, एक प्रमाण पाठ सिद्ध करणें हें त्या आवृत्तीचें काम होतें. सूर्यनमस्काराच्या बाबतींत भवानरावांनीं नकळत असेंच काम केलें असें मला दिसतें. घरोघर, गांवोगांव नमस्कार घालण्याच्या रीती निराळ्या होत्या. त्यांतून त्यांनीं एक प्रमाण पाठ ठरविला. फरक एवढाच कीं, महाभारताच्या संपादकांनीं गाळलेले पाठ तळटीपेंत जपून ठेविले. नमस्काराचे गाळलेले पाठ बहुतेक लुप्त झाले.

तो प्रमाण पाठ दहा अंकांचा आहे. पहिल्या अंकाला छातीशीं हात जोडून ताठ उभें राहावयाचें. दुसऱ्याला गुडघे न वाकवितां कंबरेंतून लवून तळहात जमिनीला टेकावयाचे. तिसऱ्याला एक पाय मागें न्यावयाचा, चौथ्याला दुसराहि नेऊन कंबर उंच उचलावयाची. पांचव्याला साष्टांग: दोन्ही पायांचे चवडे, दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात, छाती आणि कपाळ अशीं आठ अंगें जमिनीला लागावीं, पोट मात्र लागूं नये. सहाव्याला हात सरळ करून छाती पुढें काढावयाची व मान मागें न्यावयाची. येथून परतीचा प्रवास सुरू होतो: सातवा अंक म्हणजे चौथाच, आठवा म्हणजे तिसरा, नववा म्हणजे दुसरा, आणि दहाव्याला आपण जेथून निघालों तेथें पुन्हां हात जोडून उभे. एकदां टेकलेले तळहात उठेपर्यंत जागचे हलूं द्यावयाचे नाहींत, हा त्यांतील कडक नियम. ज्यानें हें एकदांहि नीट केलें आहे त्याला त्याची रचना किती बांधेसूद आहे हें सांगावयास नको. जातांना ज्या पायऱ्यांवरून उतरलों त्याच पायऱ्यांवरून वर यावयाचें. त्यामुळें लक्षांत ठेवण्याचें ओझें निम्मेंच उरतें.

श्वासाची योजना या रचनेंतूनच निघते. पुढें लवलें कीं पोटावर दाब येतो, पोट व छाती यांमधील पडदा वर ढकलला जातो, आणि हवा आपोआप बाहेर पडूं लागते. मान व छाती मागें नेली कीं बरगड्या फांकतात आणि हवा आंत येते. शरीर ज्या बाजूला कलेल त्या बाजूला श्वास नेणें, एवढेंच साधकाला करावयाचें असतें. शिवाय मंत्राचा उच्चार स्पष्ट करावयाचा म्हणजे श्वास सावकाश, मापानें सोडावा लागतो. बीजाक्षरांच्या उच्चारानें शरीराच्या आंतील भागांना फायदा होतो अशी भवानरावांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेचा वांटा बाजूला ठेविला तरी, धांपा टाकीत असतांना मंत्र म्हणतां येत नाहीं, हा साधा अनुभव उरतोच. मंत्र अडखळला कीं समजावें, वेग फार झाला. माझ्यासारख्या जिना चढतांना दमणाऱ्या मनुष्याला याहून सोपें मोजमाप दुसरें नाहीं.

बळाचें गणितहि असेंच सरळ आहे. डंबेल्सचें वजन विकत घ्यावें लागतें. येथें वजन आपलेंच, आणि तें मनुष्य जन्मतःच घेऊन आलेला असतो. चौथ्या अंकाला अंगाचा मोठा भार हातांवर आणि खांद्यांवर येतो, पांचव्याला तो सावकाश खालीं न्यावा लागतो, सहाव्याला पाठ कामाला लागते, आणि नवव्या-दहाव्याला पाय व कंबर सर्व शरीर पुन्हां उभें करतात. जागा लागते ती एका सतरंजीएवढी.

हा पाठ भवानरावांनीं आपल्यापुरता ठेविला नाहीं. औंध संस्थानच्या शाळांतून त्यांनीं तो सुरू केला; स्त्रियांनींहि हा व्यायाम करावा असा त्यांचा त्या काळीं नवा वाटणारा आग्रह होता. मराठींत व इंग्रजींत पुस्तकें निघालीं. १९३६ सालीं ते इंग्लंडांत गेले असतां न्यूज क्रॉनिकल पत्राच्या लुइझ मॉर्गन या बाईंनीं त्यांची गांठ घेतली, आपल्या पत्रांत या व्यायामावर लिहिलें, आणि त्यांच्याच संपादनाखालीं १९३८ सालीं 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हें इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालें. म्हणजे माझी भाची आज ज्या देशांत हा व्यायाम शिकते आहे, तेथील घरांत तो पोंचण्याचा एक रस्ता साताऱ्याकडील एका लहान संस्थानांतून निघालेला आहे. आणि तिच्या बाईंना याची वार्ताहि नाहीं.

मग तो योगांत कधीं शिरला? या प्रश्नाचें उत्तर म्हैसूरकडे मिळतें. १९३० नंतरच्या दशकांत तेथील जगन्मोहन राजवाड्यांत तिरुमलै कृष्णमाचार्यांची योगशाळा भरे, आणि त्याच वास्तूंत सूर्यनमस्काराचा वर्गहि चाले. परंतु हे दोन वर्ग निराळे होते. बंगळूरचे प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटु के. व्ही. अय्यर यांच्या परंपरेंतील शिक्षक सूर्यनमस्कार शिकवीत, योगाचे विद्यार्थी पलीकडे आसनें करीत. ही मधली भिंत हळूहळू खचली. स्वामी शिवानंदांचे शिष्य विष्णुदेवानंद यांचें १९६० सालचें इंग्रजी पुस्तक आणि कृष्णमाचार्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांचें १९६२ सालचें 'योगमाला' हें कन्नड पुस्तक, या दोहोंतहि सूर्यनमस्कार योगाभ्यासाच्या आरंभींच येऊन बसलेला आढळतो. दहाचे बारा अंक होण्याचा प्रकारहि असाच. उभ्यानें हात वर करून मागें कलण्याची एक अवस्था आरंभीं व एक शेवटीं घातली, म्हणजे अंक बारा होतात आणि सूर्याच्या बारा नांवांशीं त्यांचा मेळ बसतो. महाराष्ट्रांतील पुष्कळ शाळांत मात्र अजून दहाच अंक मोजतात. आपल्या मुलांच्या तोंडीं ऐकूं येणारी ती दहाची मोजणी हा औंधचा जिवंत शिलालेख होय.

येथवरचा वृत्तांत वाचून कांहीं वाचकांचें मन खट्टू होईल हें मी जाणतों. पांच हजार वर्षांच्या ऐवजीं पुरतीं सवाशें वर्षेंहि नाहींत, आणि ऋषींच्या जागीं एक संस्थानिक व एक जर्मन पहिलवान! परंतु थोडा विचार करावा. मंत्र जुने आहेत, जोर जुने आहेत, सूर्याविषयींची कृतज्ञता तर मनुष्यजातीइतकी जुनी आहे. नवी आहे ती त्यांची जुळणी. घरांतील तांदूळ, डाळ आणि तूप हीं जुनीं असलीं म्हणून खिचडी शिजविणाऱ्याचें श्रेय बुडत नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढींतील मनुष्यानें कांहीं नवें निर्माण केलें हें कबूल करण्यांत आपणांस कमीपणा वाटावा, आणि तेंच पांच हजार वर्षांमागें ढकललें कीं अभिमान वाटावा, ही मनाची स्थिति निरोगी नव्हे. जो समाज आपले सर्व शोध पूर्वजांच्या नांवें लिहून टाकतो, त्याच्या मुलांना आपणहि कांहीं शोधावें असें कशाला वाटेल?

याचा अर्थ पंतप्रतिनिधींचें प्रत्येक वाक्य प्रमाण मानावें असा नाहीं. आपल्या व्यायामाविषयीं त्यांचें प्रेम एवढें होतें कीं, शरीराचा जवळजवळ कोणताहि विकार त्यापुढें टिकणार नाहीं अशी त्यांची खात्री झालेली दिसते. तितकें मानण्यास आधार नाहीं. या व्यायामांत ढकलण्याचें काम भरपूर आहे, ओढण्याचें जवळजवळ नाहीं; दोरावर चढणारा किंवा मल्लखांब करणारा जे स्नायू वापरतो त्यांतील कित्येक येथें स्वस्थ राहतात. ज्यांच्या पाठीच्या मणक्यांत दुखणें आहे, किंवा ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय तो धरूं नये. सॅन्डो १९२५ सालीं अठ्ठावन्नाव्या वर्षीं वारला आणि भवानराव १९५१ सालीं ब्यायशीं वर्षांचे होऊन वारले, यावरून कोणीं एक पद्धति जिंकली असें म्हणूं लागेल. पण दोन माणसांच्या आयुष्यावरून असा निकाल देणें म्हणजे मीं भाचीला जें उत्तर धाडलें त्याच्याच जातीचें होईल.

त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट मात्र मला या व्यायामापासून वेगळी करतां येत नाहीं. १९३९ सालच्या जानेवारींत, महात्मा गांधींच्या सल्ल्यानें, त्यांनीं औंधचा कारभार राज्यघटना करून प्रजेच्या हातीं दिला. पुढें १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत तो प्रयोग चालला. राज्य करण्याचें काम प्रजेच्या वतीनें राजानें करावें, ही जुनी रीत. तें तिचें तिनेंच करावें, ही नवी. नमस्काराचेंहि त्यांनीं तेंच केलें होतें. यजमानाच्या वतीनें भिक्षुकानें घालावयाचा नमस्कार त्यांनीं यजमानाला स्वतः घालावयास लाविला. ज्या दिवशीं नमस्काराचें फळ दक्षिणा देऊन घेतां येईनासें झालें, त्या दिवशीं विधीचा व्यायाम झाला. आणि सूर्यनमस्काराचा शोध लागला तो माझ्या मतें त्या दिवशीं.

भाचीला मीं दुसरें पत्र लिहिलें. पहिल्या पत्रांतील माझी चूक कबूल केली, आणि वर दिलेली हकीकत थोडक्यांत कळविली. पंधरा दिवसांनीं तिचें उत्तर आलें. बाईंना तें पत्र तिनें वाचून दाखविलें; बाई घटकाभर हिरमुसल्या, आणि मग त्यांनीं औंध कोठें आहे तें नकाशांत शोधून काढलें. शेवटीं भाचीनें विचारलें आहे, "मामा, तुम्ही स्वतः रोज किती घालतां?"

बारा, असें मीं तिला कळविलें आहे. भवानरावांच्या संख्येपुढें ती नगण्य आहे. परंतु आतां दुसऱ्या मजल्यावर पोंचल्यावर मी टेबलाला धरीत नाहीं, आणि व्याख्यानाचें पहिलें वाक्य एका श्वासांत पुरें होतें.